जुन्या विहिरीचं पाणी आणि माझी कावीळ

मला कावीळ झाली तेव्हा मी सात महिन्यांची गरोदर होते. पोटातली ती लेक आज अंगणात कोंबडीच्या मागं धावतेय आणि मी ओट्यावर बसून हे लिहितेय.

मागच्या आठवड्यात पलीकडच्या गावची एक बाई सुनेला घेऊन माझ्याकडं आली होती. सुनेचे डोळे हळदीसारखे पिवळे आणि तिलाही दिवस गेलेले. बाई म्हणाली, "तुला झालती ना ही कावीळ? तू कशी वाचलीस, ते सांग." मी आधी त्या दोघींना दवाखान्याच्या गाडीत बसवून दिलं. मग वाटलं, आठवतं तेवढं एकदा लिहून ठेवावं. मी, मित्रा, काही डॉक्टर नाही, औषधांची नावंही मला सांगता येणार नाहीत. माझ्यावर काय गुदरलं आणि मला कुणी कुणी धरून ठेवलं, तेवढं सांगते.

त्या उन्हाळ्याचं पाणी

आमचं गाव लिंबागणेशच्या पुढं, डोंगराच्या अंगाला आहे. ओढ्याच्या अलीकडं गाव, पलीकडं आमची बौद्धवस्ती. त्या वर्षी लागोपाठ दुसरा दुष्काळ पडला होता. बोअर आटले होते. माझे मालक, भीमराव, आमच्या दोन गायी घेऊन चारा छावणीत राहायला गेले होते. घरी मी, सासूबाई आणि पहिलीत जाणारी अस्मिता. सासूला मी आत्या म्हणते.

पिण्याचं पाणी टँकरनं यायचं. ते साठवायला मोठी टाकी नव्हती, म्हणून ड्रायव्हर ओढ्याकाठच्या जुन्या विहिरीत टँकर मोकळा करायचा आणि मग गाव आणि वस्ती, सगळ्यांनी पोहरा टाकून ते शेंदायचं. विहिरीला धड कठडा नव्हता. कडेलाच धुणं चालायचं, जनावरं उभी राहायची आणि ओढ्याच्या कोरड्या पात्रात माणसं परसाकडला बसायची. पाणी गढूळ यायचं. आम्ही ते जुन्या लुगड्याच्या दुहेरी फडक्यातून गाळायचो. गाळ फडक्यावर राहिला की आम्हाला वाटायचं, झालं स्वच्छ.

गावात बायकांची सहकारी दूध संस्था आहे. तिथं मी मशीनवर दुधाचं फॅट काढते, म्हणजे दुधात लोणी किती ते मोजते. चेअरमन लताकाकू या गावातल्या मोठ्या शेतकरी घरातल्या. वस्तीतल्या बाईला दुधाला हात लावू द्यायचा का, असं सुरुवातीला काही जणींनी विचारलं होतं. लताकाकूंनी त्यावर चर्चाच होऊ दिली नाही, मशीनपुढची खुर्ची मला दिली आणि विषय संपवला.

माळ

आधी तोंडाची चव गेली. मग दुधाच्या वासानंही पोट ढवळायला लागलं. पोटुशा बाईला हे व्हायचंच, असं सगळ्या म्हणाल्या, मीही तेच धरून चालले. अंगाला खाज सुटली तेव्हा उन्हाळ्याला दोष दिला.

एका सकाळी दूध घेताना लताकाकू माझ्याकडं बघत राहिल्या.

"मित्रा, इकडं उजेडात ये बरं. डोळे दाव." त्यांनी अंगठ्यानं माझी खालची पापणी ओढली. "अगं, लई पिवळे हायत हे. कवापासून?"

मला काय माहीत कवापासून? आमच्या घरातला आरसा तळहाताएवढा, तोही अंधाऱ्या कोपऱ्यात.

आत्यांनी हे ऐकलं आणि दुसऱ्या गावच्या एका म्हाताऱ्याकडून काविळीची माळ आणली. भर उन्हात पायी जाऊन आणली. माळ गळ्यात घालायची, ती आपोआप लांबत जाते आणि ती लांबेल तशी कावीळ उतरते, असं आमच्याकडं मानतात. माझी माळ लांबली, छातीच्याही खाली आली. पण डोळे जास्तच पिवळे झाले आणि मला उभं राहवेना.

हे लिहिताना मला आत्यांवर हसायचं नाही. त्यांची धाकटी बहीण रखमी कधीकाळी दवाखान्यात गेली होती, ती परत आली नव्हती. दवाखाना म्हटलं की त्यांना ते दार आठवायचं.

लताकाकूंनी छावणीत फोन लावला. भीमराव आले ते दारातूनच म्हणाले, "मित्रा, चल."

आत्या आडव्या झाल्या. "कावीळ सुईनं उतरत न्हाई. सुईनं भडकती ती. रखमीचं काय झालं ते इसरलास?"

"माय, माळ राहू दे तिच्या गळ्यात. पर तिला मी आज नेनार."

"आन परत न्हाई आली मंग?"

"तू बी चल. तुझ्या नजरंसमोर ठीव तिला."

आत्यांनी आत जाऊन पिशवी भरली.

कळलं तो दिवस

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी मला खिडकीशी नेऊन पाहिलं आणि थेट बीडला सरकारी दवाखान्यात पाठवलं. तिथं रक्त घेतलं, पोटाची तपासणी झाली आणि दुपारनंतर एक डॉक्टर मॅडम कागद घेऊन आल्या. त्यांनी भीमरावांना बाहेर बोलावलं.

मी म्हणाले, "मॅडम, इथंच सांगा. पोट माझं हाय."

त्या माझ्या खाटेशी स्टूल ओढून बसल्या. हे मला फार आवडलं. उभ्यानं सांगितलं असतं तर मी निम्मं ऐकलं नसतं.

"ही कावीळ घाण पाण्यातून येते," त्या म्हणाल्या. "एरवी माणूस विश्रांती घेऊन बरा होतो. पण गरोदरपणाच्या या महिन्यांत ती फार जड जाऊ शकते. खोटं सांगत नाही, तुलाही धोका आहे आणि बाळालाही. यावर वेगळं असं औषध नाही. लढायचं तुझ्या शरीरानं, त्याला सांभाळायचं आम्ही."

आत्या म्हणाल्या, "पान्यानं? पानी तर समदं गाव पेतंय."

"म्हणूनच विचारते, आजी. गावात आणखी कोण कोण गरोदर आहे?"

मी नावं सांगितली. त्यात लताकाकूंची सून प्रतिभा होती. भीमरावांनी तिथूनच लताकाकूंना फोन केला.

मला त्या वेळी रडू आलं नाही. मला अस्मिताच्या वेण्या आठवल्या. निघायच्या घाईत तिची एकच वेणी घातली होती, दुसऱ्या बाजूचे केस तसेच मोकळे राहिले होते. ती शेजारणीकडं तशीच हिंडत असेल, हेच डोक्यात फिरत राहिलं. भीती मोठी असली की मन कुठलीतरी लहान गोष्ट धरून बसतं. तुमचंही तसं झालं तर घाबरू नका.

वॉर्ड

दवाखान्यातला दिवस आपला नसतो, तो घंटेचा असतो. झाडलोट, चहा, सुई, मोठ्या डॉक्टरांची फेरी, भेटायची वेळ, पुन्हा सुई. आमच्या वॉर्डाच्या सय्यद सिस्टर माझ्याशी रोज एकच खेळ खेळायच्या.

"बेटा, आज वार कोनता?"

"बुधवार."

"लेकीचं नाव?"

"अस्मिता."

"शाब्बास."

मला वाटायचं, बाईंना गप्पांची हौस आहे. या आजारात लिव्हर फारच दमलं की डोकं भरकटतं आणि त्या तेच तपासत होत्या, हे मला फार उशिरा कळलं.

शेजारच्या खाटेवर तेलगावकडची कविता होती. तिलाही हीच कावीळ, तीही गरोदर. त्यांच्याकडंही टँकर विहिरीतच सोडत. तिची आई धर्मशाळेतल्या चुलीवर पाणी उकळून आणायची आणि लेकीची बाटली भरून झाली की न विचारता माझीही भरायची. कविता मला हळू आवाजात सांगायची, "मला मुलगी पायजे. पर सासूला सांगू नको." आम्ही दोघी हसायचो. हसलं की पोट दुखायचं.

घरची माणसं मात्र हसत नव्हती. भीमराव आईशी बोलेनात. "माळंत दिस घालवलेस," एवढंच एकदा म्हणाले आणि पुढं गप्प. आत्या खाटेच्या पायथ्याशी बसून राहायच्या, जेवायच्या नाहीत. दोघंही माझ्याकडं बघायची, एकमेकांकडं नाही. शेवटी मीच म्हणाले, "तुमी दोघं असं करत राहिलात तर मी कुनाकडं बगून जगायचं?" त्या दिवशी भीमरावांनी बाहेरून भाकरी-भाजी आणली आणि आईपुढं ठेवली. "खा, माय," म्हणाले. आत्या खाता खाता रडल्या. मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं.

एका सकाळी कविताच्या खाटेवर धुतलेली चादर होती. तिला आदल्या संध्याकाळी घाईघाईनं नेलं, तेवढं मला आठवत होतं. ती गेली, आणि बाळही गेलं. तिची आई सामान न्यायला आली. कपडे पिशवीत भरले, भांडी भरली. मग माझी रिकामी बाटली उचलली, बाहेर गेली, उकळलेलं पाणी भरून आणली आणि माझ्या उशाशी ठेवली. माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेली.

त्या बाईचं नावही मी विचारलं नव्हतं. तिचं ऋण माझ्यावर आहे, ते कसं फेडायचं ते मला अजून कळलेलं नाही.

जे मला आठवत नाही

पुढचं मी ऐकून लिहिते. सय्यद सिस्टरनी लेकीचं नाव विचारलं तेव्हा मी माझ्या आईचं नाव सांगितलं. वार विचारला तर म्हणाले, "दूध आलं का?" सिस्टर हसल्या नाहीत. त्या पळत गेल्या.

मला दुसऱ्या खोलीत नेलं. मॅडमनी भीमरावांना सांगितलं की कळा सुरू झाल्यात, बाळंतपण वेळेआधी होणार. रक्त गोठत नाहीये, त्यामुळं रक्त लागेल आणि ते देणारी माणसं लागतील.

भीमरावांनी लताकाकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "फोन ठीव. आलोच."

संस्थेचा दुधाचा टेम्पो आला. कॅनच्या जागी माणसं बसलेली. आत्या हे अजून कुणालाही सांगतात तेव्हा हात पसरून सांगतात. वस्तीतली माणसं होती, गावातली होती, लताकाकूंचा मुलगा होता. आणि टँकरचा ड्रायव्हर, तोही होता. तो आत्यांना म्हणाला, "मावशी, पानी मीच टाकत होतो तिथं. मला काय ठावं?" आत्या म्हणाल्या, "आमाला तरी कुठं ठावं होतं, बाबा."

कुणाचं रक्त माझ्या अंगात गेलं, हे मला माहीत नाही. सिस्टरना विचारलं तर म्हणाल्या, "सगळ्यांचं मिळून आहे, असं समज."

मला पहिलं स्पष्ट आठवतं ते हे. खिडकीतून ऊन आलेलं, तोंडाला कोरड पडलेली आणि सय्यद सिस्टरचा चेहरा माझ्यावर वाकलेला.

"बेटा, लेकीचं नाव काय?"

मी म्हणाले, "अस्मिता."

"आनि दुसरीचं?"

मला कळेना. त्यांचे डोळे भरून आले होते. "दुसरीचं नाव ठेवायचं हाय ना अजून," त्या म्हणाल्या. तेव्हा मला कळलं.

ती एवढीशी होती, काचेच्या पेटीत ठेवलेली. मी सावरेपर्यंत तिला माझं दूध द्यायचं नव्हतं. शेजारच्या वॉर्डात आष्टीकडची एक ऊसतोड करणारी बाळंतीण होती. ती म्हणाली, "मला लई येतंय दूध, माझं घ्या की." नर्स ते वाटीत काढून आणायच्या आणि माझ्या लेकीला चमच्यानं पाजायच्या. पुढं मी उठून चालायला लागले तेव्हा त्या बाईला शोधत गेले. तिला सुट्टी मिळाली होती.

परत आल्यावर

घरी आले तेव्हा अंगात काही उरलं नव्हतं. हंडा तर सोडाच, भरलेला तांब्याही उचलवत नव्हता. मॅडमनी बजावलं होतं, पाणी उकळूनच प्यायचं. आत्या जळणासाठी दिवस दिवस हिंडायच्या. आमच्या एका घराचं ठीक, पण अख्ख्या वस्तीनं रोज पाणी उकळायला काय जाळायचं? आरोग्य खात्याची माणसं येऊन विहिरीत पावडर टाकून गेली. पण त्यावर पुन्हा टँकर पडला की ते औषध पुरत नव्हतं.

लताकाकूंच्या प्रतिभाला वेळेवर तपासलं होतं. तिला काही झालेलं नव्हतं. ती माहेरी राहून उकळलेलं पाणी पीत होती. लताकाकू मला भेटायला आल्या, बाळाला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "तू तिथं पडल्या पडल्या माझ्या सुनंचं नाव घेतलंस म्हून..."

मग संस्थेची सभा झाली. मी भिंतीला टेकून बसले होते. लताकाकू म्हणाल्या, "दूध नासलेलं आलं तर आपन परत पाठवतो. पानी नासलेलं येतं ते कोन परत पाठवतं? आपली संस्था हाय, आपनच बगू." ठरलं ते असं. संस्थेच्या आवारात एक बंद टाकी बसवायची आणि टँकर विहिरीत नाही, टाकीत सोडायचा. पाणी खडी, वाळू आणि कोळशाच्या थरांतून गाळायचं, मग त्यात क्लोरीनचं औषध मापानं घालून अर्धा तास थांबायचं. नळ गावाकडं दोन, वस्तीकडं दोन.

"औषध कोन घालनार?" कुणीतरी विचारलं.

मी म्हणाले, "मी."

मागून एक म्हातारी, गयाबाई, पुटपुटली, "म्हंजी आमी त्यांच्या हातचं..." तिचा मुलगा शेजारीच बसला होता. तोही टेम्पोतनं आला होता. "आये, मी रक्त दिलंय तिला," तो म्हणाला. "आता पान्याचं काय घिऊन बसलीस?" बायका हसल्या. गयाबाई हसली नाही.

टाकी बसली आणि आरोग्य केंद्रातल्या कर्मचाऱ्यांनी मला औषधाचं माप शिकवलं. नळाचं पाणी छोट्या नळीत घ्यायचं, त्यात तपासणीच्या रसायनाचे दोन थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं तर औषध पोचलंय, तसंच राहिलं तर नाही. पिवळ्या रंगाची मला धास्ती बसली होती, आणि आता रोज सकाळी मी त्याचीच वाट बघायची.

अडचण निराळीच आली. पाण्याला औषधाचा वास येई. चहा बिघडतो, डाळ शिजत नाही, असं लोक म्हणू लागले. आणि हळूहळू काही बाया हंडे घेऊन पुन्हा जुन्या विहिरीवर जायला लागल्या. तिच्या तळाला अजून पाणी होतं. मी सांगून थकले. लताकाकू रागावून आल्या, त्याचाही उपयोग झाला नाही.

तेव्हा एका सकाळी आत्या उठल्या, डोक्यावर पदर घेतला आणि विहिरीच्या कडेला दगडावर जाऊन बसल्या. भांडल्या नाहीत. येईल त्या बाईला म्हणायच्या, "बस गं जरा." आणि सांगायच्या. "माझी सून ह्याच पान्यानं चालली होती. तिला माझं नाव सुचत नव्हतं, स्वतःच्या लेकीचं सुचत नव्हतं. शेजारच्या खाटंवरची पोर गेली. मी माळ घातली तिला, पान्याकडं माझं ध्यानच गेलं न्हाई." मग म्हणायच्या, "घागर भरून ठेव आन उघडी ठेव घटकाभर, वास उडून जातो. मीबी तसंच करते." ऊन चढेपर्यंत तिथं बसायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी म्हटलं, आत्या, तुमाला चक्कर येईल. म्हणाल्या, "येऊ दे."

बाया रिकामे हंडे घेऊन परतायला लागल्या. पुढं एक दिवस गयाबाईच्या मुलानंच विहिरीवरचा दोर सोडून नेला.

कुणाला उपयोगी पडेल म्हणून

गरोदर बाईला अन्न नको झालं, अंग खाजलं, लघवी गडद झाली तर तिला उजेडात न्या आणि डोळे बघा. श्रद्धा असेल तर माळ राहू द्या, पण गाडीत बसवा. घरात आजारी माणूस असताना दोष कुणाचा, याचा हिशेब लांबणीवर टाका. आणि आजारी माणसासमोर खरं बोला. मला मॅडमनी खरं सांगितलं म्हणून मी तयारीनं भ्याले.

बाळाचं पहिलं पाणी

लेकीचं नाव आम्ही करुणा ठेवलं. सहा महिने तिला वरचं पाणी द्यायचं नाही, असं दवाखान्यात सांगितलं होतं. ते सहा महिने मला सोयीचेच वाटले, कारण मला पाण्याची भीती बसली होती. तोवर थोडाफार पाऊस झाला, टँकर थांबला, टाकी बोअरनं भरू लागली. औषध घालणं आम्ही थांबवलं नाही.

तो दिवस आला तेव्हा मी पाणी गाळलेलं, औषध घातलेलं असूनही वर उकळून घेतलं. निववलं. चमचा हातात धरला आणि माझा हात पुढं जाईना. समोर करुणा, आत्यांच्या मांडीवर, तोंड उघडून. भीमराव दारात उभे. अस्मिता म्हणाली, "आई, दे ना."

आत्यांनी माझ्या हातातला चमचा घेतला. आधी स्वतः एक घोट प्यायल्या, थोडं थांबल्या, जशी काही त्यांना चव पारखायची होती. मग म्हणाल्या, "चांगलं हाय, पोरी. पाज." आणि चमचा परत माझ्या हातात दिला.

मी पाजलं. करुणानं तोंड वाकडं केलं, ओठ चाटले आणि पुन्हा तोंड उघडलं.